मंगळवारची गल्ली

अध्यक्षसाहेब, आमची गल्ली तुम्ही जिवंतपणी मेलेली दाखवलीत. चुकून नाही, ठरवून.

पाहणीला तुमचा माणूस आला तो मंगळवारी. मंगळवारी आमची सुट्टी, हे शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. त्यानं अठरा शटरं खाली बघितली आणि अठरा ओळींत एकच शब्द लिहिला: बंद. माझं कुलपांचं दुकान, बंद. शेजारी वहिनी ताडपत्र्या शिवते, तेही बंद. दादा गेल्यापासून तिचं घर त्या एका मशीनवर उभं आहे. त्या एका शब्दाच्या जोरावर नगरपरिषदेत ठराव आला, की बंद पडलेल्या गल्लीच्या जागी बिझनेस पार्क करायचा. आणि त्याच महिन्यात आम्हाला कराची बिलं आली. चालू दुकानांची, वाढीव दरानं.

वहिनीनं दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. म्हणाली, "भावजी, कर भरायला आपण जिवंत आणि जागा सोडायला मेलेले. आता मेल्याचाही कर लावतील."

हरकती ऐकायची सभा सोमवारी अकराला होती. आम्ही साडेदहालाच पोचलो, तर सभागृहाला आतून कुलूप.

"सभा दहालाच सुरू झाली," शिपाई म्हणाला.

"कुणाला विचारून?"

"काका, मी दाराबाहेरचा माणूस. मला आतलं काय विचारता?"

आतून टाळ्या आल्या. ठराव मंजूर. मग किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कट्ट. ते कुलूप मीच बसवलंय. दार आपल्याकडे ओढून मगच किल्ली फिरवायची, हे तुमच्या ऑफिसला दहादा सांगितलं होतं. घाईत कोण ओढतो? किल्ली आत मोडली.

"कुलूपवाल्याला बोलवा," हा तुमचाच आवाज.

शिपायानं हसू दाबलं. "साहेब, ते इथंच उभे आहेत."

"मग उघडा की."

"दुकान बंद आहे, साहेब," मी म्हणालो.

"आज सोमवार आहे. तुमचं मंगळवारी असतं बंद."

तोंडातून काय निसटलं ते तुम्हालाही कळलं होतं.

"हेच लिहून द्या," मी म्हणालो. "दाराखालून सरकवा."

तुम्ही नोकरीतून काढायची धमकी दिलीत. मी तुमच्या नोकरीत नाही, हे शिपायानंच तुम्हाला समजावलं. अर्धा तास गेला. आत एका सदस्यांना लघवीला लागली होती, ते दार थोपटत होते. वहिनी दाराला तोंड लावून म्हणाली, "साहेब, आमच्या गल्लीत सोय आहे. पण तुमच्या कागदावर तीही बंद असेल."

मग कागद सरकला. 'मंगळवार ही गल्लीची साप्ताहिक सुट्टी आहे, हे मला माहीत आहे. एरवी दुकानं चालू असतात.' खाली तुमची सही. मी बाहेरच्या भोकातून चिमट्यानं किल्लीचा तुकडा ओढून काढला, कुलूप फिरवलं आणि दार उघडलं. अर्धं मिनिट लागलं. सगळे खाली मान घालून गेले. त्या सदस्यांना तर मान घालायलाही वेळ नव्हता.

आठ दिवसांनी तुमचं पत्र आलं. ठराव कायम. सही दबावाखाली घेतली, म्हणून ती धरता येणार नाही.

बरं. तो कागद मोठा करून मी अठरा शटरांवर चिकटवलाय. शटर वर असलं की दिसत नाही. मंगळवारी सगळी खाली येतात आणि येणारा-जाणारा थांबून वाचतो. मागच्या मंगळवारी तुमचे व्याहीही वाचून गेले. वहिनीनं त्यांना बसायला स्टूल दिलं.

सही दबावाखाली झाली असेल. पण मंगळवारचं तुम्ही आपणहून बोललात, तेव्हा कुणी काही मागितलंही नव्हतं. तुम्हाला मंगळवार माहीत होता. मग पाहणीला माणूस मंगळवारीच का पाठवलात?

लेखी सांगा. आणि येताना मंगळवार सोडून या, दुकान चालू असतं.