थांबलेलं चाक

"महाराजाले म्हणा, लवकर दाखवा. माहे गुडघे बोलून राह्यले," शेजारची वच्छलाबाई अण्णाजीच्या कानाशी कुरकुरली.

सेलूच्या त्या अंगणात अर्धी आळी जमली होती. मधोमध भैय्याजींची पंचवीस वर्षं जुनी मोटार, बॉनेट उघडं, वर झेंडूची माळ. दीड महिन्यापूर्वी छातीत कळ आली म्हणून सून अंजू त्यांना याच गाडीतून वर्ध्याला नेत होती. पुलाच्या चढावर इंजिन तापून बंद पडलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत भैय्याजी गेले.

भैय्याजींचा आत्मा दाखवायला आलेल्या महाराजांनी इंजिन चालू करायला लावलं. ते धापा टाकू लागलं. मग जरीच्या फडक्यात गुंडाळलेला 'दिव्यदीप' निघाला. त्याचा उजेड इंजिनाच्या गरगरत्या चाकावर पडला आणि चाकावरची पांढरी खूण जागच्या जागी उभी राहिली! चाकच थांबलं!

"भैय्याजींनी चाक धरलं!" महाराज गरजले. "आत्मा अडकलाय. जिच्या हाती स्टेअरिंग होतं ती या घरात आहे तोवर सुटका नाही. अन् गाडी आश्रमात पोचवा."

आत्म्याला मुक्ती, सुनेला माहेर, आश्रमाला मोटार. एका दिव्यात तीन कामं.

भैय्याजींची बायको कौशल्याबाई बॉनेटपाशी वाकली. "तुमी आहा का जी आत?" तिनं हळूच विचारलं.

अंजू दाराशी बॅग भरून उभी होती. रडत नव्हती. तेच अण्णाजीला बघवेना.

अण्णाजी गावचा मोटार मिस्त्री. भैय्याजी गेले त्याच्या आदल्या दिवशी गाडी त्याच्याच गॅरेजात होती. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नव्हतं. तोही नाही.

तो पुढे झाला. माळेतलं एक फूल तोडून त्यानं 'थांबलेल्या' चाकाला टेकवलं. फर्रकन पाकळ्या उडाल्या, चार महाराजांच्या दाढीत जाऊन बसल्या.

"चाक थांबलं, तं फूल कोनं फाडलं, महाराज?"

"अपशकुन!"

"अपशकुन नाई, टायमिंग लाईट आहे, ठिणगीची वेळ पाहाचा दिवा. माह्या गॅरेजात बी आहे, धूळ खात." त्यानं फडकं ओढलं. आतून पिस्तुलासारखा दिवा निघाला. त्याचा चिमटा प्लगच्या वायरवरून काढताच दिवा विझला. "ठिणगी पडली का हा लुकलुकते. दर खेपेले खूण तिथंच आलेली असते, म्हणून थांबल्यासारखी दिसते. चाक फिरूनच राह्यलं. अरे, आधी तपासा, इचारा, मंग हात जोडा!"

"मंग इंजिन धापा काऊन टाकते, अण्णाजी?" कौशल्याबाईचा आवाज फुटला. "आत हे नाईत, तं कोन आहे?"

अण्णाजी हातातला दिवा उगाच पुसत राहिला. महाराज उघडे पडले होते. इथं गप्प बसलं तरी चाललं असतं. पण अंजूनं बॅग अजून खाली ठेवली नव्हती.

"कोनी नाई, वहिनी. या गाडीत कॉम्प्युटर आहे. ठिणगी कवा पाडाची ते तो आपल्या मनानं मागंपुढं करते. टायमिंग लावाच्या आधी या डबीत तारेचा तुकडा जोडून त्याले गप्प करा लागते. मी तार जोडलीच नाई. चाळीस वर्षं कानानं टायमिंग लावलं, म्हनलं हे डबडं मले काय शिकवते. ठिणगी उशिरा पडाले लागली, म्हणून इंजिन धापा टाकते. चढावर तापलं ते बी त्याच्यानंच."

त्यानं पहिल्यांदा अंजूकडं पाहिलं.

"सूनबाईनं गाडी नीटच चालवली. चढावर ती माह्यामुळं बंद पडली."