उसना खोकला

हेडफोनमध्ये बायकोचा आवाज आला आणि शिंप्याने ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. "लग्नानंतर यांनी मला पहिला कुडता शिवला..." ती सांगत होती. आजारपणात रेडिओवाल्या बाईंनी घरी येऊन हे रेकॉर्ड केलं होतं. मी रेडिओवर येणार, असं तिने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. तिला जाऊन आता चार महिने झाले.

"...दोन्ही बाह्या डाव्या!"

आता ती हसणार, म्हणून शिंपी सरसावून बसला. हसू आलंच नाही. घरघरता, खोल खोकला आला. पाठोपाठ व्हायोलिन.

त्याने हेडफोन काढले. "बाई, हा खोकला माझा आहे."

"हो काका. त्या दिवशी तुम्ही दाराशी खोकत होतात ना, तोच." बाईंना काही वावगं वाटलं नव्हतं. "काकूंच्या हसण्याने गोष्ट हलकी होत होती. माणूस जाणार, हे ऐकणाऱ्याला आधीच जाणवलं पाहिजे. मग तो रेडिओ बंद करत नाही."

"तिचं दुखणं पोटाचं होतं. ती कधी खोकली नाही."

"रेडिओवर पोट कुठे दिसतं?"

"हसू परत घाला."

"मग ती नुसती गंमत होते, काका. गंमत कोण लक्षात ठेवतं?"

"मी चाळीस वर्षं ठेवली."

बाईंनी परवानगीचा कागद पुढे सरकवला. "सही नसेल तर कार्यक्रम लागणार नाही. काकूंची इच्छा होती ना?"

होती. त्याने पेन उचलून सहीच्या रेघेवर टेकवलं.

"बाही चुकली, ती माझ्या हातून चुकून," तो म्हणाला. "तुम्ही एकाचा खोकला दुसरीला जाणूनबुजून शिवलात, आणि वर सही मागता?"

पेन ठेवून तो उठला. रस्ताभर रुमालाने कान पुसत राहिला.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याने गाठलं. "वहिनी कधी लागणार रेडिओवर?"

"नाही लागणार."

"अरेरे! असं काय सांगितलं होतं हो त्यांनी?"

शिंपी सांगू लागला. कापड, कुडता, घाई. "...दोन्ही बाह्या डाव्या!" म्हणून तिच्यासारखं हसायला गेला, तर नेमका खोकला आला. इस्त्रीवाल्याने चेहरा पाडला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शिंप्याला स्वतःचीच शिसारी आली. त्याने तो हात झटकला.

"अहो, हसा की! इथे हसायचं असतं."