ज्ञानवल्लीचा पेला

कळंबच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा बुद्धीला जास्त गिऱ्हाईक होतं. एसटी थांब्यामागं एका महाराजांनी तीन पेले मांडले होते: ब्राह्मी, शंखपुष्पी आणि त्यांची स्वतःची ज्ञानवल्ली. शेजारी डोळ्यांवर पट्टी बांधलेला चेला जानकू.

गर्दीत कापडवाल्या कस्तुरबाई मोठ्या आशेनं उभ्या होत्या. नवरा सुगनचंद हल्ली फार विसरायचे. परवा तर नवरदेवाला सफारीऐवजी परकराचं कापड फाडून दिलं! डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर म्हणे, "सुई नको, पाला चालेल."

महाराजांनी जानकूला ब्राह्मी पाजली आणि एकाचा कंगवा उचलला. "काय आहे?"

"वांगं!"

शंखपुष्पी पाजून किल्ली उचलली. "काय आहे?"

"लोखंडी... वांगं!"

मग ज्ञानवल्ली. हातात गर्दीतल्या गेणभाऊचं घड्याळ. "चटकन बोल, बेटा!"

"घड्याळ!"

महाराजांनी दुसरी वस्तू उचलली. "आता नीट बोल!"

"चष्मा!" आणि खरंच चष्मा होता.

"लई भारी, राव!" गेणभाऊ ओरडला.

"ब्राह्मी म्हणजे सायकल, शंखपुष्पी मोपेड," महाराज गरजले, "ज्ञानवल्ली म्हणजे विमान!"

कस्तुरबाईंचा हात पिशवीत गेला आणि तिथंच थांबला. त्यांच्या दुकानात त्या "अहो, पाणी घ्या" म्हणाल्या, की सुगनचंद भाव उतरवत. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. हे 'चटकन' आणि 'नीट' त्याच जातीचं तर नव्हे?

त्यांनी पुढं होऊन एक मुळा उचलला. "चटकन बोल, बेटा!"

"घड्याळ!"

"नीट बोल!"

"चष्मा!"

"बाई, मुळ्यात किती वाजलं बघा की!" गेणभाऊ लोळायचाच बाकी राहिला.

"परक्या हातानं शक्ती उलटते," महाराज तणतणले.

"मग तुम्हीच धरा मुळा. फक्त तोंड उघडायचं नाही."

महाराज मुळा धरून गप्प. जानकूही गप्प. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "महाराज, तुमी कायतरी बोला की! मला कसं कळावं?"

हशा थांबेपर्यंत विमान पेल्यांसकट पसार झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी कस्तुरबाईंनी नवऱ्याला मंचरला नेऊन सुई टोचवलीच. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सुगनचंदांना सफारी आणि परकर वेगळे दिसू लागले.

त्यानंतर कुणी झाडपाल्याची तारीफ केली, की कस्तुरबाई म्हणत, "ब्राह्मी सरस का शंखपुष्पी, हे बघायचंय ना? मग पेल्यांवरची नावं झाका. पिणाऱ्याला कळू देऊ नका, विचारणाऱ्यालाही नाही. एकाला नको, पुष्कळांना पाजा, साधं पाणीही पाजून बघा. मग बोला. आणि घरचं माणूस विसरायला लागलं, तर आधी डॉक्टर गाठा."