देवीची झोपमोड

शिवकांतानं ती थाप मारली तेव्हा तिला वाटलं होतं, चार वर्षांच्या पोरीला मारलेली थाप संध्याकाळपर्यंत टिकली तरी पुष्कळ झालं.

घटस्थापना पाच दिवसांवर आली होती. या दिवसांत तुळजापुरात ज्याला दोन हात आहेत त्याला काम असतं, आणि शिवकांताकडे कवड्यांच्या माळा ओवायचं काम होतं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर महांतप्पांचं परड्या, माळा, हळदीकुंकवाचं दुकान होतं. मागच्या गल्लीत त्यांचंच गुदाम, आणि गुदामाच्या वरच्या दोन खोल्यांत शिवकांता, तिचा नवरा बलभीम, सासू सिताबाई आणि लेक वैष्णवी अशी चौघं भाड्यानं राहत. बलभीम उजाडायच्या आत सोलापूर रोडला जीप घेऊन जाई. सिताबाई स्वयंपाक उरकला की देवळाच्या पायऱ्यांजवळ आपल्या मैत्रिणींत जाऊन बसत. मागं उरायच्या शिवकांता, पोतंभर कवड्या आणि वैष्णवीचं तोंड.

ते तोंड सकाळी डोळ्यांच्या आधी उघडायचं आणि रात्री डोळ्यांच्या नंतर मिटायचं. "मम्मी, कवडीला दात हायत, मग ती काय खाती?" "मम्मी, कवडीची मम्मी कुठं हाय?" "मम्मी, माज्याकडं बग की." उत्तर द्यावं तर त्यातून आणखी तीन प्रश्न निघत. न द्यावं तर तोच प्रश्न वाढत्या आवाजात परत येई. शेजारणी म्हणत, पोरगी हुशार निघणार. त्यांचं काय जातंय म्हणायला, त्यांना दिवसभर ऐकावं लागत नव्हतं.

त्या दुपारी दोरा तिसऱ्यांदा तुटला, कवड्या चौफेर पळाल्या आणि शिवकांताचं डोकं फिरलं. खेकसावं तर पोरगी भोकाड पसरणार, म्हणजे आणखी अर्धा तास गेलाच. म्हणून तिनं आवाज एकदम खाली आणला.

"वैशू, गप. देवी झोपलीय."

हे खोटं नव्हतं, हीच त्यातली लबाडी. नवरात्राच्या आधी देवीला सिंहासनावरून उठवून पलंगावर निजवतात, घट बसतात त्या दिवशी ती पुन्हा सिंहासनावर येते, हे तुळजापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आजीनं वैष्णवीला दोनच दिवसांपूर्वी देवळात नेऊन आणलं होतं. शिवकांतानं त्यात आपल्या पदरचं थोडं घातलं, एवढंच. "लई दमलीय बिचारी. तू आवाज केलास की तिची झोपमोड हुती. मग तिचं डोकं दुखतंय."

वैष्णवीनं डोळे मोठे केले आणि तोंडावर बोट ठेवलं. "कवापर्यंत?" तिनं कुजबुजत विचारलं.

"घट बसंस्तोवर."

त्या दुपारी शिवकांताचा हात असा चालला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरावर पहारा बसला. कुकरनं शिट्टी दिली तशी वैष्णवी धावत आली आणि कुकरकडे बघून हात जोडून उभी राहिली. आजीच्या हातून तांब्या पडला तर आजीकडे डोळे वटारून पाहिलं. रात्री बलभीमचा फोन वाजला तो तिनं उशीखाली दाबला, आणि सोलापूरचं भाडं हातचं गेलं तरी बलभीम हसत बसला. "ही तर पुजाऱ्याच्या वरताण निघाली," तो म्हणाला. त्याला वाटलं, आजीनं काहीतरी सांगितलं असणार. सिताबाईंना वाटलं, त्यानं सांगितलं असणार. शिवकांता खाली मान घालून कवड्या ओवत राहिली.

तिसऱ्या दिवशी यातली गंमत गेली. अंगणवाडीच्या मदतनीस गजराबाई पोरीला हाताला धरून जिना चढून वर आल्या. पोरीच्या अंगावर दुसऱ्याच कुणाची तरी चड्डी होती.

"शिवकांता, पोरगी बोलंना झालीया," त्या म्हणाल्या. "ताईनी हजेरी घेतली तर ओ देईना. सू आली तर सांगंना, बसल्या जागी केली. पोरं हसली तर रडली बी न्हाय, नुसती बगत बसली. कशाला भ्याली-बिली का?"

"न्हाय ओ, उगं नाटकं करती," शिवकांता म्हणाली, आणि आपलं बोलणं ऐकून तिला आपलीच लाज वाटली.

सिताबाईंनी लगेच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरी आहे असं ठरलं. सांगून टाकावं असं शिवकांताच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सासूचं उत्तर तिला आधीच ऐकू येत होतं. कवड्यांपायी लेकराचं तोंड बांधलंस व्हय, असं म्हणतील, आणि ते दसऱ्यापर्यंत रोज म्हणतील. तिनं गिळलं ते गिळलंच.

एकटी गाठून तिनं पोरीला समजावलं. "वैशू, आता बोललं तर चालतंय गं. थोडं थोडं बोल."

वैष्णवीनं मान हलवली. "घट बसंस्तोवर," ती कुजबुजली. आईच शिकवते आणि आईच मोडायला सांगते, हे तिला पटलेलं दिसत नव्हतं.

हवी होती ती शांतता घरात आली आणि शिवकांताला घरात बसवेना. चार कवड्या ओवल्या की मान आपोआप वर व्हायची, पोरगी कुठं आहे ते बघायला. बडबडणारं लेकरू कानानं सांभाळता येतं. गप्प लेकराला डोळ्यांनीच सांभाळावं लागतं, आणि डोळे तर दोऱ्यात अडकलेले. ती उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. उगीचच भांडी घासायला काढायची. जीव कशातच लागेना.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं अशीच मान वर केली तर वैष्णवी नव्हती.

आत्ता तर पोरगी उंबऱ्यात बसली होती, बाहुलीच्या गळ्यात कवडी बांधत होती. बाहुली होती, पोरगी नव्हती. केव्हा उठली, किती वेळ झाला, शिवकांताला काही सांगता आलं नसतं. तिनं मोरीत पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण ओढलं ते पायावर पडलं. टाकीत पाणीच होतं. तिनं जिना उतरताना हाक मारली, मग गल्लीत, मग रस्त्यावर.

"वैशू! वैष्णवी!"

रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोलापूरकडच्या गाड्या रिकाम्या होत होत्या, कुणाच्या डोक्यावर परडी, कुणाच्या गळ्यात माळा, कपाळं कुंकवानं माखलेली. एका बाजूला संबळ, दुसऱ्या बाजूला पार्किंगवाल्याचा भोंगा. शिवकांता त्या गर्दीत बायकांच्या कमरेखाली बघत पळत होती, कारण लेकरू असलं तर तिथंच असणार. बांगड्यांच्या गाड्यावर विचारलं, पेढ्याच्या दुकानात विचारलं. लाल फ्रॉक? नाही बघितला. एकानं तर लाल फ्रॉकची दुसरीच पोर दाखवली, आणि त्या पोरीकडे पळताना शिवकांताला झालेला आनंद नंतर तिला कुणाला सांगता आला नाही.

बलभीमला फोन लावला. तो तामलवाडीच्या पुढं होता. "वळवतो," एवढंच म्हणाला, आणि मागं बसलेल्या लोकांचा आरडाओरडा ऐकू आला.

बातमी ऐकून पायऱ्यांजवळून सिताबाई लंगडत आल्या तेव्हा शिवकांता भर रस्त्यात उभी होती. एकच गोष्ट तिच्या डोक्यात घुसली होती आणि निघत नव्हती. कुणी उचलून नेली तरी पोरगी ओरडणार नाही. कडेवर घेतील, गाडीत बसवतील, आणि ती तोंडावर बोट ठेवून बसेल.

"आत्या, म्या तिला गप केलंय," ती म्हणाली. "आवाज केला की देवी उठती म्हनून सांगितलं म्या. माळा व्हईनात म्हनून. दृष्ट न्हाय, काय न्हाय, म्याच केलंय."

सिताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. एरवी या एका वाक्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"त्येचं मागनं बगू," त्या म्हणाल्या. "आदी हाका मार."

तासभर दोघींनी हाका मारल्या. वरच्या गल्लीत, खालच्या गल्लीत, पुन्हा घरी, पुन्हा रस्त्यावर. शिवकांताचा घसा बसला. वैशू म्हणायला तोंड उघडलं तर नुसतीच हवा निघू लागली. ती घराकडे परतली आणि जिना चढायचं बळ नव्हतं म्हणून जिन्याच्या तळाशी, गुदामाच्या बंद दारासमोर बसली. दाराला भलं मोठं कुलूप होतं. या दारावरून ती आज दहा वेळा तरी ओरडत गेली होती. बाहेरून कुलूप घातलेल्या दाराआड कोण शोधतं?

सिताबाई भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. गल्लीत घटकाभर कुणी नव्हतं.

"वैशू," शिवकांता म्हणाली. हाक नव्हती ती. घसा बसलेला, त्यामुळं आपल्याशीच बोलल्यासारखं निघालं.

"ओ," दाराआडून कुणीतरी कुजबुजलं.

शिवकांता गुडघ्यांवर आली आणि तिनं दाराच्या फटीला कान लावला. "वैशू? तू हायस?"

"श्श्. हळू."

"कवापासनं हायस आत? कशी गेलीस?"

"कवडी पडली जिन्यावरनं. ती आत गेली. दुकानवाले आप्पा पोती काडत हुते. मी कवडी हुडकूस्तोवर आप्पांनी दार लावलं."

"आप्पांना हाक का न्हाय मारलीस?"

विचारता विचारताच शिवकांताला उत्तर कळलं.

"म्या किती हाका मारल्या गं," शिवकांता म्हणाली. "ओ का न्हाय दिलीस?"

"दिली की," आतून कुजबुज आली, जराशी रुसलेली. "परत्येक हाकंला दिली. हळू दिली."

शिवकांतानं कपाळ दारावर टेकलं. ती ओरडत गेली तेव्हा पोरगी इथं, हातभर अंतरावर, ओ देत होती. आणि आई ओरडत पुढं गेली होती. एकदा नाही, दहा वेळा.

सिताबाई तोवर किल्ली आणायला महांतप्पांच्या दुकानाकडे निघाल्याही होत्या, पदर खोचून, गुडघ्यांची पर्वा न करता. गर्दीतून जाऊन यायचं म्हणजे वेळ लागणार होता.

"वैशू, ऐक," शिवकांता फटीत तोंड घालून म्हणाली. "आता मोठ्यानं बोल. दार वाजव."

"देवी उठंल."

"न्हाय उठत. तुज्या आवाजानं देवी उठत न्हाय. म्या खोटं बोलले तुला." हे बोलताना तिला सासूसमोर वाटली नव्हती एवढी लाज वाटत होती. "माळा व्हईनात म्हनून मला तुजं बोलणं नको झालं हुतं. देवीला न्हाय, मला गप पायजे हुतं. कळलं का? देवीचं काय सुदिक म्हननं न्हाय."

दूर रस्त्यावर संबळ वाजत होता. शिवकांतानं फटीतून पाहिलं, नुसता काळोख होता आणि कुंकवाचा वास. आत काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, आणि आता तर ऐकूही येत नव्हतं. पोरगी रडत असेल का? रुसली असेल? की आता आईशी बोलायचंच नाही असं तिनं ठरवून टाकलं असेल? ते ठरवायचा तिला हक्क होता.

"वैशू?"

तिनं फटीला परत कान लावला.

"मग तुज्या माळा झाल्या का?" वैष्णवीनं अगदी हळू विचारलं.

वर अर्धं पोतं पडलेलं होतं. परवा सकाळी महांतप्पा सगळा माल मागणार होते.

"झाल्या," शिवकांता म्हणाली. "समद्या झाल्या."

आणि दारावर दोन मुठी आदळल्या.

"दार उघड! मम्मी, दार उघड की! लई अंधार हाय! मला भ्या वाटतंया! मम्मी!"

चार दिवसांचा साठलेला आवाज होता तो. खिडक्या उघडल्या. यात्रेकरूंचा एक घोळका गल्लीच्या तोंडाशी थबकला आणि त्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, लेकराला जरा गप तरी कर."

"आरडू द्या तिला," शिवकांता म्हणाली. तिनं दोन्ही तळवे दाराला लावले होते, आणि आतल्या मुठी तिला तळव्यांत लागत होत्या.

"मम्मी!"

"ओ!"

"मम्मी!"

"ओ, हितंच हाय, वैशू. ओ!"

किल्ली यायला पाव तास लागला. तेवढा सगळा वेळ वैष्णवी हाका मारत राहिली, आणि शिवकांता बसलेल्या घशानं, जमेल तेवढ्या मोठ्यानं, प्रत्येक हाकेला ओ देत राहिली.