कानसेनांच्या कानातली जागा

मित्रांनो, माझ्या काळ्या वायरला तीन गाठी आहेत आणि डाव्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. त्यावरून माझं वय ओळखा. मी एक वायरचा इअरफोन आहे. माझ्या जातीचे आता फारसे दिसत नाहीत. आणि तुमच्यापासून लपवून काय करू, मी एक नंबरचा जळकुकडा आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या दोन्ही बोंडांवर बारीक जाळी बसवली. बोंडं म्हणजे माझे कानात शिरणारे दोन गोळे. तिने मला कानाला लावून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. बस, तेवढ्यानेच मी शेफारलो. माझ्याएवढा स्वच्छ आवाज जगात दुसऱ्या कोणाचा नाही, असं मला वाटू लागलं. हा गैरसमज मी पुढे नऊ वर्षं जपला.

मला विकत घेणारे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करतात. कामावर सगळे त्यांना कानसेन म्हणतात, कारण लिफ्टचं दुखणं ते कानांनी ओळखतात. त्यांची एक पद्धत आहे. लिफ्टची मोटर ज्या खोलीत असते तिथे एवढा धडधडाट असतो, की बारीकसारीक आवाज त्यात बुडून जातात. म्हणून कानसेन मोटरजवळ फोन धरून एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये खिडकीजवळ बसतात, मला कानात घालतात आणि या महिन्याचं रेकॉर्डिंग मागच्या महिन्याच्या शेजारी ठेवून ऐकतात. पाऊण तासाचा प्रवास असतो. मध्येच त्यांची भुवई उडते. मग ते छोट्या डायरीत लिहितात, ‘बेअरिंग बदलणे’. तिथे जाऊन उघडून बघावं तर बेअरिंग खरंच झिजलेलं निघे.

एकदा त्यांच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. तेव्हा कानसेन गळ्यातल्या मला बोटाने वर उचलून म्हणाले, ‘‘अर्धं श्रेय याचं हं, साहेब.’’ मित्रांनो, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. मला पाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

पण त्याच गळ्यात लोंबकळताना मी लिफ्टच्या खोल्यांमधली धूळ खात होतो. वंगणाचे बारीक कण, कानातला मळ, घाम, सगळं माझ्या जाळीवर बसत गेलं. मला ते कळत होतं. मोठे आवाज माझ्यातून जात, पण बारीक आवाज जाळीपाशीच अडू लागले. माझ्या पिनेजवळची वायरही ढिली झाली होती. मी जरा खरखरलो असतो तर कानसेनांना माझा संशय आला असता. पण मी श्वास रोखून धरला आणि अगदी शहाण्यासारखा वागलो. कारण तोवर बसमध्ये ते दुसरे दिसू लागले होते.

ते म्हणजे बिनवायरचे. पांढरे, गुळगुळीत, कानात मोती खोचल्यासारखे. यांना झोपायला स्वतंत्र डबी लागते! आम्ही खिशात गुंता होऊन पडायचो, किल्ल्यांचे टोचे खायचो, आणि हे लाटसाहेब गादीवर. समोरच्या सीटवरच्या मुलीने डबी टक्कन उघडली, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातला एखादा सीटखाली घरंगळला आणि ती वाकून शोधू लागली, की मात्र मला फार बरं वाटे.

कानसेनांची लेक एका छापखान्यात अक्षरजुळणी करते. ती एकदा जेवताना म्हणाली, ‘‘बाबा, नवीन घ्या ना आता. बसच्या आवाजात याच्यातून काय डोंबल ऐकू येतं?’’

‘‘राहू दे. हा बरा आहे,’’ कानसेन म्हणाले.

ऐकलंत? हा बरा आहे! खुंटीवर लटकल्या लटकल्या मी फुगलो. माणूस असावा तर असा, असं मनात म्हणालो. त्यानंतर लेकीने तीनदा विषय काढला आणि तिन्ही वेळा त्यांनी उडवून लावला. प्रत्येक वेळी माझी मान आणखी ताठ झाली.

मग दवाखान्याच्या लिफ्टचं प्रकरण झालं. त्या लिफ्टचं रेकॉर्डिंग कानसेनांनी माझ्यातून ऐकलं होतं आणि डायरीत ‘ठीक’ असं लिहिलं होतं. चौथ्या दिवशी ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत चाकांच्या खुर्चीत बसलेल्या एक आजी आणि त्यांची परिचारिका होत्या. वीस मिनिटांनी दोघी सुखरूप बाहेर आल्या. उघडून पाहिलं तर बेअरिंग पार गेलं होतं. साहेब रागावले नाहीत. ते नुसतं एवढंच म्हणाले, ‘‘कानसेन, तुमच्याकडून कसं काय सुटलं हो?’’

त्या दिवसापासून कानसेन बदलले. लेकीने स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू आली नाही, की ते दचकायचे. नळ चालू असताना ती हाक कोणालाच ऐकू येत नव्हती, पण हे त्यांना कोण सांगणार? टीव्हीचा आवाज आधी वाढवायचे, मग कोणी पाहील म्हणून कमी करायचे. आणि एका रविवारी त्यांनी एक पत्र लिहून बॅगेच्या ज्या कप्प्यात मी होतो त्याच कप्प्यात ठेवलं. लिहिताना ते पुटपुटत होते, म्हणून मजकूर मला कळला. ‘माझे कान पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. माझ्यामुळे कोणाच्या जिवाशी खेळ नको. मला दुरुस्तीच्या कामातून मोकळं करून गोदामात बसवावं.’

त्यांची बायको शेजारीच पडद्याला शिलाई घालत बसली होती. तिने सुई बाजूला ठेवली आणि पत्र बाहेर काढून वाचलं.

‘‘अहो, आधी लेक म्हणते तसा नवा इअरफोन घेऊन तर बघा. मग द्या पत्र.’’

‘‘तेच तर नको वाटतं गं. हा जुना आहे तोवर मनाला सांगता येतं, की याचाच दोष असेल. नवा घातला आणि तरी ऐकू आलं नाही, तर मग सुटकाच नाही.’’

‘‘नाही आलं तर मी मोठ्याने बोलेन. आत्ता काय मी हळू बोलते?’’

कानसेन हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मित्रांनो, मला मात्र ते काहीच दिसत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. म्हणजे हा माणूस माझ्यावर माया करत नव्हता तर! मला ठेवलं होतं ते निमित्त म्हणून. एवढे दिवस मी उगाच मान ताठ करून लटकत होतो. लाजेने आणि रागाने मी आणखी एक गाठ मारून घेतली.

बायकोने ते सगळं लेकीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेक मला मुठीत धरून दुकानात गेली. का, तर बाबांच्या कानाचं माप कळावं म्हणून! दुकानदाराने मला दोन बोटांनी उचललं. ‘‘हा अजून चालतो?’’ असं त्याने विचारलं. मी त्याचं दुकान बुडो असं चिंतलं.

लेक हुशार, हे मला कबूल करावं लागेल. पहिली जोडी तिने लगेच परत केली. ‘‘आत ढोल बसवलाय नुसता. बाबांना बारीक आवाज ऐकायचेत.’’ दुसरी जोडी बाहेरचा आवाज पूर्ण बंद करायची. ‘‘मग थांबा आला हे कसं कळणार? उतरायचं राहील त्यांचं.’’ तिसरी जोडी कानात घालून तिने मान गदागदा हलवली आणि ती जोडी घरंगळून पडली. चौथ्या जोडीबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणं होती. ती बसवून तिने गाणं लावलंच नाही. बातम्या वाचणारी बाई लावली आणि तिचा ‘स’ आणि ‘श’ वेगळा ऐकू येतो का ते पाहिलं. आला. बाहेरचा आवाज हवा तेव्हा आत घेता येत होता, हवा तेव्हा कमी करता येत होता. ‘‘हेच द्या,’’ ती म्हणाली. मी काऊंटरवर पडून सगळं बघत होतो. माझ्या डोळ्यांदेखत माझी जागा भरली जात होती आणि ती सुद्धा इतकी विचारपूर्वक, की नाव ठेवायला फट नव्हती.

मंगळवारी सकाळी कानसेन बसमध्ये बसले. पत्र त्याच दिवशी द्यायचं होतं. नवी जोडी त्यांच्या कानात होती आणि मी बॅगेच्या उघड्या कप्प्यात पत्राच्या शेजारी. त्यांनी दवाखान्याच्या लिफ्टचं तेच जुनं रेकॉर्डिंग काढलं. बोट फोनवर टेकवायला त्यांना दोन थांबे लागले. मी मनात एकच धावा करत होतो. ऐकू येऊ नये. देवा, या पांढऱ्या पोरट्यातून त्यांना काही म्हणजे काही ऐकू येऊ नये.

मित्रांनो, हे मी खरंच मागितलं. त्यांचं काम जाईल, ते गोदामात खोकी मोजत बसतील, हे ठाऊक असून मागितलं. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. इअरफोनचंही काही वेगळं नाही.

मग त्यांची भुवई उडाली.

त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पुन्हा भुवई उडाली. चार वेळा ऐकलं. मग त्यांनी घाईघाईने मला बाहेर ओढलं, फोनला जोडलं आणि तेच रेकॉर्डिंग माझ्यातून ऐकलं. त्या मिनिटात झिजलेल्या बेअरिंगचा चिरका आवाज होता. तो माझ्या जाळीपर्यंत आला आणि तिथेच मेला. कानसेनांनी मला उजेडात धरलं. नखाने जाळी खरवडली. काळा थर निघाला.

‘‘अरे लबाडा!’’ ते मोठ्याने हसले. शेजारच्या बाई दचकून सरकल्या. त्यांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला. ‘‘अगं, माझे कान शाबूत आहेत! हा बिघडलाय, हा!’’ पलीकडून बायको काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण कानसेन डोळे पुसत होते आणि खिडकीबाहेर बघून परत परत तेच सांगत होते. मग त्यांनी पत्राचे चार तुकडे केले. कामावर पोचल्यावर साहेबांना त्यांनी खरं ते सांगितलं, की दुसऱ्यांची यंत्रं तपासताना स्वतःचं साधन तपासायचं राहून गेलं. आणि महिनाभरातल्या सगळ्या लिफ्ट पुन्हा ऐकायला घेतल्या. त्यात झिजलेल्या बेअरिंगच्या आणखी दोन सापडल्या.

मित्रांनो, महिन्यातून एकदा आमची जाळी कोरड्या, मऊ ब्रशने झाडत जा. ऐकू येईनासं झालं तर आतल्या आत कुढू नका. घरात सांगा, आमच्याकडे बघा, डॉक्टरांकडे जा. मी माझ्या जागेपायी गप्प राहिलो आणि ते भीतीपायी. त्यात त्या आजींना अडकून पडावं लागलं आणि एका चांगल्या कारागिराचं काम जाता जाता राहिलं.

आता लेकीने मला झाडून पुसून ठेवलं आहे. तिच्या टेबलावरच्या रेडिओला मी जोडलेला असतो. सकाळी कानसेन डबी टक्कन उघडतात आणि बसला निघतात. रोज निघतात आणि रोज माझा जळफळाट होतो. ती जोडी त्यांना बेअरिंगची कुरकुर ऐकवते, बातम्या ऐकवते, गाणीही ऐकवत असेल. ऐकवू दे. पण ‘‘हा बिघडलाय’’ असं म्हणताना त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो नऊ वर्षांत मी कधी पाहिला नव्हता. तो माझ्यामुळे झाला होता, मी बिघडलो होतो म्हणून. त्यात मी कोणालाही वाटेकरी करून घेणार नाही.