तोफेच्या पितळेचा अर्धा पेनी

मॅलकी क्विलिगनने तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आधी स्वतःच्या हातांनी उपसला होता, आणि नेमकं हेच त्याला नंतर कित्येक महिने सहन झालं नाही.

लिमरिकमध्ये दर वसंतात नाण्यांचा बाजार भरायचा, शॅनन नदीकाठच्या एका हॉटेलच्या दिवाणखान्यात. दाराजवळचं टेबल जुन्या घरांतलं सामान उचलणाऱ्या एका माणसाचं होतं. त्याला नाण्यांतलं काही कळत नव्हतं. डब्यात बटणं होती, गळ्यातली संतांची पदकं होती, झिजलेले पेनी होते. मॅलकीने बोटांनी तळ ढवळला, एक काळीकुट्ट चकती वर काढली, तिरकी धरून पाहिली आणि परत टाकली. मग रुमालाला हात पुसले. आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासलेला माणूस तो, मळकट वस्तूंना फार वेळ हात लावणं त्याच्या जिवावर यायचं.

त्याच्या पाठोपाठ कोलमन हार्टिगन आला. त्याने डब्यात पाहिलंसुद्धा नाही. "किती मागतोस सगळ्याचे?" असं विचारून डबा काखोटीला मारला आणि मॅलकीला म्हणाला, "प्रोफेसर, माझ्या कोटाची बटणं कधीची तुटलीत. जमतील यातली."

दोघे एकाच गल्लीत वाढलेले. कोलमन तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळलेला, पुढे फर्निचरचं दुकान काढून बसलेला, गडगडाटी हसणारा. नाण्यांचा नाद त्याला मॅलकीनेच लावला होता. मॅलकी पुस्तकं वाचायचा, म्हणून कोलमन त्याला 'प्रोफेसर' म्हणायचा; डब्लिन-कॉर्कचे लिलाव धुंडाळायचा, एकेका नाण्यासाठी वर्ष वर्ष थांबायचा. कोलमन मात्र पोरं गोळ्या घेतात तशी नाणी घ्यायचा, आणि तरी चांगली वस्तू कशी कोण जाणे त्याच्याच हाताला लागायची. नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबातले लोक म्हणायचे, "कोलमनचा हातच तसा." हे ऐकलं की मॅलकी चहाच्या कपात बघत बसायचा.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी क्लब जमायचा, एका पबच्या माडीवर. त्या मंगळवारी कोलमनने रुमालाची घडी उलगडून टेबलावर ठेवली.

"डब्यात सापडला," तो म्हणाला. "तूच शिकवलंयस ना, घासायचं नाही, ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवायचं? ठेवला. बघ काय निघालं."

मॅलकीने भिंग डोळ्याला लावलं.

तीनशे वर्षांपूर्वी राजा जेम्सने युद्धात चांदी संपल्यावर फुटक्या तोफा आणि तडकलेल्या घंटा वितळवून पितळेचे शिलिंग पाडले होते, आणि प्रत्येकावर तो पाडल्याचा महिना घातला होता. पुढे लिमरिकला शत्रूचा वेढा पडला तेव्हा या शहरातल्या लोकांनी तेच शिलिंग पुन्हा ठोकून त्यांचे अर्धे पेनी केले. घाईत ठोकलेले, त्यामुळे नव्या छापाखालून जुना छाप डोकावतो. मॅलकीचं अख्खं वेड या वेढ्यातल्या नाण्यांभोवती होतं. त्याच्याकडे त्यातली बरीच होती, आणि प्रत्येकावर जुन्या छापाचा नुसता भास होता. जुना महिना स्वच्छ वाचता येईल असं एक नाणं मिळावं, म्हणून तो केस पांढरे होईपर्यंत धावला होता.

भिंगाखाली हातात क्रूस घेऊन बसलेली बाई होती, देशाचं प्रतीक. तिच्या नावातलं एक अक्षर उलटं, या नाण्यांवर जसं असायला हवं तसं. तिच्या गुडघ्याखालून जुन्या शिलिंगचा मुकुट वर आला होता, आणि त्याच्या खाली, जणू काल ठोकलाय इतका स्पष्ट, मे महिना.

हीच ती चकती. हिचाच काळा राप त्याने रुमालाला पुसला होता.

भोवती सगळे खुर्च्या सरकवून वाकले होते. कोलमन लहान मुलासारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला काही कळत नव्हतं, तो फक्त मॅलकीच्या 'हो'ची वाट बघत होता. आणि ते वाट बघणारं तोंडच मॅलकीला बघवेना.

"ओतीव आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"साच्यात ओतलेलं. ठोकलेलं नाही. कड बघ, कशी गुळगुळीत आहे. असली बरीच फिरतात बाजारात." त्याने नाणं रुमालावर ठेवलं. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. बनवलंय छान."

सगळ्यांनी सुस्कारे सोडले, आपापल्या खुर्च्या मागे घेतल्या. मॅलकीने खोटं म्हटलं म्हणजे खोटं. त्यावर दुसरं मत घ्यायची क्लबात पद्धत नव्हती. कोलमनचं तोंड क्षणभर उतरलं, मग तो खो खो हसला. "चला, बटणं तरी खरी निघाली!" म्हणाला, आणि सगळ्यांसाठी बिअर मागवली.

निघताना जिन्यात त्याने नाणं मॅलकीच्या हातात कोंबलं. "तुझा खोट्या नाण्यांचा खण आहे ना, नवशिक्यांना दाखवायचा? त्यात टाक. माझ्याकडून भेट."

मॅलकी 'नको' म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

आयुष्यभर हवी होती ती वस्तू अशी त्याच्या घरी आली, आणि तिचं करायचं काय हे त्याला कळेना. खऱ्या नाण्यांच्या मखमली तबकात ती ठेवता येत नव्हती, कारण तबक बघायला लोक यायचे. खोट्यांच्या खणात ठेवायला हात धजत नव्हता. शेवटी ती त्याच्या जाकिटाच्या खिशात राहिली. नाश्त्याच्या टेबलावर तो ती पावाच्या ताटलीआड धरून बघायचा.

त्याची बायको डिम्फना एकदा म्हणाली, "खोटं आहे म्हणतोस, आणि बघतोस तर लग्नातल्या नवरीसारखं."

"अभ्यास करतोय."

"आपल्या लग्नात माझाही इतका अभ्यास केला नव्हतास," ती म्हणाली आणि केटली भरायला उठली.

नाणं मिळालं म्हणजे जळणं थांबेल, असं त्याला वाटलं होतं. उलट ते वाढलं. कोलमन बाजारात भेटायचा, मटणवाल्याशी गप्पा मारत, पिशवीतून कोवळे बटाटे सांडत. त्या अर्ध्या पेनीची त्याला आठवणही नसायची. मॅलकीला वाटायचं, याने गमावलं आणि याला झोप लागते. मी मिळवलं आणि मला घास गिळवत नाही. निदान याने हळहळावं तरी! न हळहळण्यातही या माणसाने आपल्याला हरवलं, असं त्याला वाटे आणि तो रस्ता बदलून जाई.

उन्हाळ्यात डब्लिनहून ऑर्ला टूही नावाच्या बाई आल्या. लिलावासाठी नाणी पारखणं हा त्यांचा धंदा. मध्यम वयाची, कमी बोलणारी बाई. नकली नाणी कशी ओळखावीत यावर त्या क्लबात बोलणार होत्या, आणि ज्याच्याकडे जी नकली असतील ती आणावीत असा निरोप आला होता. मॅलकीने आपला खण आणला. अर्धा पेनी अर्थातच त्यात नव्हता.

ऑर्ला एकेक नाणं उचलून दाखवत गेल्या. खण संपला तसा कोलमन मागच्या रांगेतून ओरडला, "अरे प्रोफेसर, माझा कुठाय? वेढ्यातला? बाईंना दाखव की, छान बनवलेला!"

"तो... घरी राहिला," मॅलकी म्हणाला. पण म्हणताना त्याचा हात आपोआप जाकिटाच्या खिशावर गेला, आणि कोलमनने ते पाहिलं.

"खिशात आहे वाटतं. काढ, काढ!"

सगळे हसले. मॅलकीला तो काढावा लागला.

ऑर्लांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि इतका वेळ धरलं की हसू विरलं. मग पर्समधला लहानसा काटा काढून त्यांनी त्याचं वजन केलं. कडेवरून नख फिरवलं.

"हे नकली आहे असं कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना मॅलकीकडे वळल्या.

"हे ठोकलेलं आहे," ऑर्ला म्हणाल्या. "खालचा महिना इतका स्वच्छ मी तरी पाहिलेला नाही. अभिनंदन करायचं ते कुणाचं?"

माडीवर गोंधळ उडाला. कोलमन उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला, आणि मग तो आपलं ते गडगडाटी हसू हसला. "ऐकलंत का रे? प्रोफेसर चुकला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकला!" त्याने येऊन मॅलकीच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं, तूही माणूसच आहेस. आणि नाणं तुझंच हं. दिलेलं परत घेत नसतो मी."

लोक टाळ्या वाजवू लागले. कोलमनच्या दिलदारपणासाठी. कुणीतरी म्हणालं, "वय झालं हो मॅलकीचं, नजर पूर्वीची राहिली नाही." दुसरा म्हणाला, "चष्मेवाल्यालाच आता चष्मा द्या!"

इथे मॅलकी गप्प बसला असता तर सगळं निभावलं असतं. चूक माफ झाली होती, नाणं त्याचं झालं होतं, आता ते मखमलीत ठेवायला कुणाची आडकाठी नव्हती. पण 'नजर राहिली नाही' हे शब्द त्याला डागण्यांसारखे लागले. सगळ्यांचं प्रेम कोलमनला, नशीब कोलमनला, आता मोठेपणाही कोलमनलाच. आणि आपल्याकडे एकच गोष्ट होती, आपली नजर, तीही हे लोक हसत हसत काढून घेताहेत.

"मी चुकलो नव्हतो!" तो ओरडला. "मला पहिल्याच नजरेत कळलं होतं! हा मे महिना तुमच्यातल्या एकाला तरी दिसला असता का? मला दिसला होता!"

टाळ्या थांबल्या. आपण काय बोललो, हे मॅलकीला सगळ्यांत शेवटी कळलं.

कोलमनचा थाप मारलेला हात अजून त्याच्या पाठीवर होता. तो हळूच निघाला.

"कळलं होतं?" कोलमनने विचारलं. त्याचा एवढा बारीक आवाज कुणी ऐकला नव्हता.

कोलमनने खुर्चीवरची टोपी घेतली, ऑर्लांना मान लवून "येतो बाई," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलकी त्याच्या घरी गेला. कोलमन अंगणात एका जुन्या खुर्चीचा पाय खरवडत बसला होता. मॅलकीने नाणं पाकिटातून काढून लाकडाच्या भुशाशेजारी बाकावर ठेवलं.

"डब्यात आधी मला दिसलं होतं," तो म्हणाला. "आणि मी टाकून दिलं. तू न बघता घेतलंस. ते मला..."

"मागितलं असतंस तर दिलं असतं मी," कोलमन म्हणाला. खरवडणं त्याने थांबवलं नव्हतं. "खरं आहे हे माहीत असूनही दिलं असतं. तुला ठाऊक होतं ते."

"ठाऊक होतं. म्हणूनच मागता आलं नाही."

कोलमनने आता वर पाहिलं. "इतका राग? मी काय केलं होतं रे तुझं?"

"काही नाही," मॅलकी म्हणाला. "काहीच केलं नाहीस. तुला काही करावंच लागत नाही."

कोलमनने नाणं उचलून शर्टाच्या खिशात टाकलं, सुट्ट्या पैशांसारखं. "आता जा तू," तो म्हणाला. "मी आत्ता रागाच्या भरात आहे, आणि माझ्या हातात पटाशी आहे."

त्यानंतर कोलमन क्लबात यायचा, पण खिडकीजवळच्या रांगेत बसायचा. त्याच्या भोवती पूर्वीसारखाच घोळका असायचा. मॅलकीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. नवी माणसं नाणं घेऊन आली की त्याच्यापुढे क्षणभर थबकायची आणि पुढे जायची. डिम्फना म्हणाली, "सोड तो क्लब." त्याने सोडला नाही. घरी बसलो तर फक्त कोलमनचाच विचार करत बसू, हे त्याला पक्कं माहीत होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका मंगळवारी कोलमन खिडकीजवळून उठला आणि खोली ओलांडून आला. त्याने मॅलकीपुढे एक रुपेरी पदक ठेवलं. टाल्टन खेळ या देशी क्रीडामहोत्सवाचं, देशाच्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतलं, वर दंतकथेतल्या राणी टाल्टचा चेहरा.

"हर्लिंगचं आहे म्हणतात," तो म्हणाला. बसला मात्र नाही. "लोक म्हणतात नंतर पाडलेली नक्कल. सांग."

मॅलकीने भिंग काढलं. पदक अस्सल होतं, राणीच्या केसांतली एकेक बट उभी होती, आणि ते पुन्हा याच माणसाला कुठल्यातरी पोतडीत सापडलं होतं. छातीत तीच जुनी आग भडकली, जरासुद्धा कमी नाही. त्याला ती ओळखीची वाटली, घरच्या माणसासारखी.

"खरं आहे," तो म्हणाला. शब्द बाहेर काढायला त्याला जोर लावावा लागला. "उत्तम आहे. असं माझ्याकडे नाही, आणि मला ते हवंहवंसं वाटतंय. कुणालाही विकू नकोस."

कोलमनने पदक उचललं. मग मॅलकीच्या शेजारची रिकामी खुर्ची पायाने ओढून तो तिच्यावर बसला, आणि खाली हाक मारून दोन बिअर मागवल्या.