बनाबाईंच्या घरचं दुसरं ताट

"बनाबाई, हे दुसरं ताट कुणाचं?"

सगुणाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. बनाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, मोडून ताटात ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "ज्ञानूचं. यील आता. बारा वाजत आलं की."

ज्ञानू त्यांचा एकुलता एक, आठ वर्षांचा. तेहतीस सालच्या श्रावणात सारोळ्याच्या उताराजवळ नीरेत बुडाला. त्याला न्हाऊ घालून माती देणाऱ्यांत सगुणाबाई स्वतः होत्या.

सगुणाबाई गावातल्या मिशनच्या शाळेच्या मास्तरीणबाई. ज्ञानू त्यांच्याच वर्गातला. सगुणाबाईंना खरं बोलायचा भारी सोस. मागं एकदा चर्चच्या भर मंडळीत त्यांनी एका बाईची चूक बोलून दाखवली, ती पुन्हा प्रार्थनेला आलीच नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. आता रविवारी प्रभुभोजनाचा विधी करायला भोरहून पाळक येणार होते, आणि या ताटाची कुजबुज सगळीकडे झाली होती. चारचौघांत शोभा होऊन बनाबाईही मंडळीपासून तुटायला नकोत, म्हणून त्या आधीच एकट्या आल्या होत्या.

"कुठनं शिकलीस हे?"

"पितृपंधरवड्यात शेजारच्या अंबूबाईनं घास ठेवला, म्हून म्या बी ठेवला. तिच्या घासाला कावळा शिवला, माज्या न्हाई. वाटलं, लेकरू उपाशी हाय. दुसऱ्या दिशी हाक मारून ताट मांडलं, तर त्योच आला."

"तुज्यावर माजा जीव हाय म्हून सांगते. हे आपल्या विश्वासात बसत न्हाई. ज्ञानू प्रभूपाशी गेला. त्याला..."

बनाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. अंगणातल्या कोंबड्या गप्प झाल्या. दारातून कुणीच आलं नाही, तरी सारवलेल्या जमिनीवर उंबऱ्यापासून ताटापर्यंत एकेक ओलं पाऊल उमटत आलं. लहान, अनवाणी. नदीच्या गाळाचा वास आला.

"दिसलं न्हवं, बाई?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलून कुणाची चूक कशी दाखवणार?

"दिसलं," त्या म्हणाल्या. "पन त्याचं पाय अजून वाळलं न्हाईत गं. तू रोज हाक मारतीस, त्याला रोज पाण्यातनं यावं लागतं."

बनाबाईंनी त्या पावलांकडे बघितलं. मग पदर तोंडात कोंबून रडल्या. "मग तुमीच सांगा त्याला. माज्या तोंडातनं न्हाई निघायचं."

जन्मभर सगळ्यांना सुनावणाऱ्या सगुणाबाईंनी बनाबाईंचा हात घट्ट धरला आणि ताटापुढच्या रिकाम्या पाटाकडे वळून म्हणाल्या, "ज्ञानू, शाळा सुटली. जा बाळा."

"व्हय, बाई," अगदी जवळून ऐकू आलं.

शाळा सुटली की पोरं आरडाओरडा करत धूम पळतात. हा मात्र एकेक ओलं पाऊल टाकत फार सावकाश गेला.